सायबोबाचा माळ आणि सूर्याला आलेल्या देवी

लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात, हल्ली तर काश्मीरलाही जाऊ लागले आहेत, आणि परत आले की त्याबद्दल लिहितात. मी सरकारी खर्चानं चाकणच्या अलीकडच्या एका माळावर गेलो, एका दगडापाशी बसलो आणि परत आलो. शेजारी विचारतात, "काय पाहिलंत?" दगड पाहिला असं सांगितलं की त्यांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाच्या ओसरीवर बसून वेगळं सांगायला नको.

समुद्रकाठच्या एका चुंबकीय वेधशाळेत मी निरीक्षक आहे. पृथ्वी हे एक भलंमोठं लोहचुंबक आहे हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. शाळेत सांगत नाहीत ते असं, की या चुंबकाला स्वस्थ राहवत नाही. होकायंत्राची सुई दाखवते ती उत्तर वर्षागणिक किंचित सरकत असते. किती सरकली ते कळायचं तर जिथे पूर्वी मोजलं होतं, नेमकं तिथेच जाऊन पुन्हा मोजावं लागतं. त्यासाठी इंग्रजांच्या काळात जागोजाग दगड रोवून ठेवले होते आणि त्यातला एक चाकणकडे होता.

सत्तावन्न साली त्या दगडाला बरे दिवस आले. त्या वर्षी सूर्यावर डागांचा सुकाळ होता आणि जगभरचे शास्त्रज्ञ सूर्य आणि पृथ्वी यांच्या पाठीमागे हात धुऊन लागले होते. त्यात पिंपरीला कारखाने उभे राहू लागले होते. कारखाना म्हणजे लोखंड, आणि लोखंड जवळ आलं की आमची सुई खरं बोलायचं सोडून देते.

"लोखंड चाकणला पोचायच्या आत तुम्ही पोचा," आमचे वरिष्ठ म्हणाले. "आणि जागा चांगली निघाली तर गावकऱ्यांना बजावून ठेवा, पाच वर्षांनी आम्ही परत येणार आहोत, तोवर जपा."

मला ही कामगिरी मिळाली याचं कारण माझी हुशारी नव्हे. बाकीच्या सगळ्यांच्या घरी त्याच सुमारास कोणीतरी आजारी पडलं.

चिंचवड

मार्गशीर्षातली थंडी होती. चिंचवड स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्याबरोबर यंत्राची पेटी, तिवई, तंबू आणि मोडकी सायकल एवढा संसार होता. पिंपरीच्या निर्वासितांच्या वसाहतीतला एक सिंधी गृहस्थ स्टेशनाबाहेर पापड आणि चहा विकत होता. आमच्याकडे कोकणात पापड जेवणाबरोबर खातात. इथे चहाच्या आधी पापड हातात देतात आणि तो संपेपर्यंत चहा देत नाहीत. मी दोन पापड खाल्ले तेव्हा कुठे माझ्यावर विश्वास बसून चहा आला.

कांदा उतरवून रिकामी परतणारी एक बैलगाडी समोर उभी होती. गाडीवान पंचविशीचा, अंगानं दणकट, पण चेहरा असा की कोणीतरी आत्ताच याचा फेटा पळवून नेलाय. त्याचं नाव धोंडिबा. चाकणच्या वाटेवरचं गाव सांगितल्यावर तो म्हणाला, "बसा. आमचंच गाव हाय."

मोशी मागे पडली, इंद्रायणी ओलांडली. मग त्यानं विचारलं, "कामधंदा काय म्हनायचा राव तुमचा?"

"गावात एक जुना दगड आहे. साहेबानं रोवलेला. त्याच्यावर यंत्र ठेवून मोजमाप करायचंय."

धोंडिबानं कासरा असा खेचला की बैल मागच्या पायांवर बसायला आले. मी पेटीला कवटाळलं.

"सायबाकडून आलाय तुमी?"

"म्हणजे, एका अर्थी, हो."

"आवो, पन्नास वर्सं झाली, वाट बघतोय आमी!"

पुढचं अंतर ती गाडी ज्या वेगानं गेली त्याबद्दल मी लिहिणार नाही. यंत्राच्या आतला आरसा रेशमाच्या एका धाग्यावर टांगलेला असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला माझी स्थिती कळेल.

माळावर

गावाबाहेर सपाट, काळ्याभोर मातीचा एक विस्तीर्ण तुकडा. आजूबाजूला ज्वारी छातीएवढी उभी, आणि हा तुकडा मात्र गवतानं भरलेला. त्याच्या कडेनं दगड रचून गोल गडगा घातलेला, आणि मधोमध शेंदूर फासलेला आमचा सरकारी दगड. देशभरातल्या आमच्या कित्येक दगडांवर लोक धुणं धुतात. याचा देव झाला होता. नाव सायबोबा.

गडग्याच्या तोंडाशी धोंडिबाची आजी उभी होती. ठकूआजी. बुटकी, काटक, आणि नजर अशी की जकात नाक्यावरच्या शिपायानं शिकवणी लावावी.

"लोखंड हितं ठेवायचं," ती म्हणाली. "आत न्ह्यायचं न्हाई."

मी थक्क झालो. आमच्या कामाचा पहिला नियम हाच. दर ठिकाणी लोकांना तो समजावता समजावता माझा घसा बसतो, आणि इथे मलाच तो ऐकवला जात होता. मी अभिमानानं सांगितलं, "आजी, मी तयारीनंच आलोय. ही बटणं पितळी आहेत, बायकोनं मुद्दाम शिवून दिलीत. पट्टा नाही. चपलेला खिळे नाहीत."

"आन् इजारीचा हुक?"

मी खाली पाहिलं. इजारीला कमरेशी पोलादी हुक होता. बायकोला बटणांचं सांगितलं होतं, हुकाचं राहून गेलं होतं.

त्यानंतर चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू निघाले, खिशातली दाढीची पाती निघाली, तंबूच्या मेखा निघाल्या. गंजतं ते लोखंड, असा आजीचा साधा हिशेब होता. शेवटी काड्या दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि धोंडिबाचं धोतर अशा वेषात मी भारतीय विज्ञानाच्या वतीनं माळात पाऊल टाकलं. धोतर मला पुरून उरत होतं.

हे सगळं प्रकरण काय आहे ते आजीच्या ओसरीवर भाकरी खाताना उलगडलं. साहेबानं दगड रोवला तेव्हा धोंडिबाच्या पणजोबांना राखणीला ठेवलं होतं. 'गोफणीचा दगड जाईल तिथवर लोखंड नको,' असं तो म्हणाला. आता गोफण हाणायला साहेबानं ज्याला सांगितलं तो हाच पणजोबा, आणि पंचक्रोशीत त्याच्याएवढी लांब गोफण कोणाची जात नसे. साहेबासमोर त्याला हुरूप चढला. त्यानं जीव खाऊन दगड भिरकावला आणि एका फटक्यात घरची सगळ्यांत कसदार जमीन सायबोबाला देऊन टाकली. फाळाशिवाय नांगर नाही, खुरप्याशिवाय निंदणी नाही, पहारीशिवाय विहीर नाही. तेव्हापासून तिथे गवत उगवत होतं.

"पण पन्नास वर्षं?" मी म्हटलं. "साहेबाचं काम तर चार दिवसांत झालं असेल."

"झालं की. पर जाताना काय म्हनला ठावं हाय का?" ठकूआजीनं भाकरी मोडायची थांबवली. "'येतो' म्हनला."

मी वाट पाहिली, पण पुढे काही नव्हतं. एवढंच होतं.

"अहो आजी, 'येतो' सगळेच म्हणतात! निघताना 'जातो' म्हणू नये म्हणून 'येतो' म्हणायचं. तुम्ही नाही का म्हणत?"

"आमी म्हनतो. सायेब कशापायी म्हनंल? त्याला जायाचं आसतं तर 'जातो' म्हनला आसता. त्याला कुनाचं भ्या व्हतं?"

त्या बिचाऱ्या साहेबाला कोणीतरी मुन्शीनं मराठी रीतभात शिकवली असणार. त्यानं ती नीट पाठ केली असणार, आणि इतकं शुद्ध मराठी बोलल्याबद्दल स्वतःवर खूशही झाला असणार. इकडे एका घराण्यानं तो शब्द वचन म्हणून धरून ठेवला.

"मामंजी रोज सांजच्याला वाटंकडं बघत बसायचं," आजी म्हणाली. "मी नवी नवरी व्हते. मला वाटायचं कोन पावना येनार हाय. जाताना बी त्येंचा डोळा वाटंकडंच व्हता." मला सरकारची लाज वाटली, जे सरकार आता माझंच होतं.

धोंडिबाचा चेहरा असा का ते मग कळलं. जवळच्या कुरुळी गावची एक मुलगी त्याला सांगून आली होती. त्यानं जत्रेत ती पाहिली होती, आणि तिच्याबद्दल बोलताना त्याला गाडी कुठे चाललीय याचं भान राहत नसे. पण मुलीचा बाप म्हणत होता, घरची चांगली जमीन पडीक ठेवणाऱ्या येड्यांच्या घरात मी पोर देणार नाही. माळात नांगर घाला, मग बोलू. आणि ठकूआजी म्हणत होती, साहेब येऊन मोकळं करेपर्यंत लोखंड आत जाणार नाही. धोंडिबाचं लग्न माझ्या येण्यावर अडलं होतं, आणि मी आलो होतो पाच वर्षांनी परत येणार असं सांगायला.

सूर्य बिघडतो

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं तेल लावून दगडावरचा शेंदूर स्वतः पुसला. खाली साहेबाची फुली निघाली. तिच्यावर नेम धरून मी यंत्र उभं केलं आणि डोळा लावला. सुई वेड्यासारखी हलत होती.

अर्धा तास थांबलो. डावीकडे जाई, परत येई, मध्येच उजवीकडे उसळी घेई. एकच अर्थ होता. जवळ कुठेतरी लोखंड होतं.

"धोंडिबा, खिशात काय आहे?"

"सुपारी हाय."

"आणि सुपारी कातरायला?"

अडकित्ता त्यानं गडग्याबाहेर ठेवला होता. मी त्याचा फेटा सोडायला लावला, चपला पाहिल्या, तिवईखाली गवतात रांगलो. आजीचा चेहरा ताठ होत गेला.

"पन्नास वर्सांत हितं टाचनी गेल्याली न्हाई," ती म्हणाली. "तुमचं यंतरच नासकं आसंल."

हे मला झोंबलं. पण रांगता रांगता दुसरी शंका आली होती. मी पितळी दुर्बीण काढली, सूर्याकडे धरली आणि तिच्यातून येणारं बिंब धोंडिबाच्या सुटलेल्या पांढऱ्या फेट्यावर पाडलं. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट पाहिलं तर डोळा जातो, म्हणून असं करतात. फेट्यावर ताटलीएवढा सूर्य उमटला, आणि त्याच्या तोंडावर काळे डागच डाग. काही बारीक, काही टपोरे, एके ठिकाणी घोसच्या घोस.

मला हायसं वाटलं. लोखंडाचा दोष नव्हता. असे डाग उठले की तिथून काहीतरी उसळतं, ते दोन-तीन दिवसांत पृथ्वीवर येऊन आदळतं आणि सगळीकडच्या सुया थरथरू लागतात. आम्ही त्याला चुंबकीय वादळ म्हणतो. मी आजीला तोंडभरून सांगितलं, "हे बघा, तुमचा माळ स्वच्छ आहे. सूर्यच बिघडलाय."

ठकूआजी फेट्याजवळ वाकली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"आगं बाय, देवी आल्यात!"

"देवी नव्हेत, डाग आहेत."

"मला सांगू नगा. माज्या दोन पोरांच्या तोंडावर आस्सं उठलं व्हतं. एक ऱ्हायला, त्यो ह्या धोंडिबाचा बाप. एक ग्येला." ती फेट्यावरच्या सूर्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "ताप चडला आसंल त्याला."

सूर्याला ताप चढलाय हे शास्त्रीयदृष्ट्या अगदीच चूक नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही. मला परिणाम ठाऊक नव्हते.

देवी आल्या की घरात फोडणी देत नाहीत, तळत नाहीत, कोणी दाढी करत नाही, मोठ्यानं बोलत नाही. आजीनं गडग्याच्या तोंडाशी कडुलिंबाचा डहाळा टांगला आणि चुलीवरची कढई उतरवून पालथी घातली. दुपारी ताटात आलं ते पाण्यात शिजवलेलं वरण. मीठ असावं, पण खात्रीनं सांगता येत नाही. सूर्यावरच्या डागांचा रेडिओवर परिणाम होतो, तारायंत्रावर होतो, हे आम्हाला शिकवलेलं होतं. आमटीवर होतो, हे कुठल्याही पुस्तकात नाही.

"आजी, निदान चटणी?"

"त्येला बरं वाटू द्या आदी."

आदल्या संध्याकाळी याच घरात मी लसणाची चटणी आणि तेलात खरपूस परतलेलं वांगं खाल्लं होतं. कोकणात असताना देशावरच्या तिखटाला मी नावं ठेवत आलोय. त्या दिवशी दुपारी मला त्या तिखटाची अशी आठवण येत होती की मी सुईपेक्षा सूर्याच्या प्रकृतीची जास्त चौकशी करू लागलो. फेटा पसरायचा, बिंब पाडायचं, आजीनं पाहायचं आणि मान हलवायची, "आजून उतार न्हाई." दुसऱ्या दिवशीही तेच. माझी दाढी वाढली. धोतर, दोऱ्याचा चष्मा आणि ही दाढी यामुळे रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं माझ्यासमोर चार दाणे ठेवून नमस्कार केला.

मग एका सकाळी यंत्राला डोळा लावला तर सुई जागच्या जागी निश्चल. इतकी निश्चल की आधी वाटलं धागा अडकला. डाग अजून होते, पण मोठा घोस कडेला सरकला होता आणि वादळ निघून गेलं होतं.

"उतरल्या!" मी ओरडलो. मोठ्यानं बोलायचं नाही हे विसरलो.

दिवसभर मोजलं. इतकं सरळ मोजमाप माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. मुंबईच्या आसपास विजेच्या तारा, पुण्याजवळ रूळ, सगळीकडे काहीतरी लुडबुडतं. इथे सुई आणि पृथ्वी यांच्यामध्ये कोणी नव्हतं. शेवटचा आकडा घेतला तेव्हा वाऱ्यावर लसणाच्या फोडणीचा वास आला. मी यंत्र झाकलं आणि अक्षरशः धावत आजीच्या घरी गेलो.

निघताना

त्या रात्रीच्या जेवणावर एक स्वतंत्र लेख होईल. पण जेवताना ठकूआजीनं मूळ मुद्द्याला हात घातला.

"मोजून झालं?"

"झालं."

"मंग आता आमी मोकळं का?"

धोंडिबाचा घास हातातच राहिला. मी पाण्याचा तांब्या उचलला, कारण काहीतरी उचलायला हवं होतं. एक वाक्य बोललो की आमच्या खात्याला देशातली सगळ्यांत निर्मळ जागा आणखी पाच वर्षं मिळणार होती. राखणीला पगार नको, कुंपण नको. 'पाच वर्षांनी येतो' एवढंच. आणि आमचं खातं पाहता, ती पाच वर्षं पन्नास होणार याचीही मला खात्री होती.

"आजी, साहेबाच्या जागी मी आलो. त्याचा शब्द पुरा झाला."

"आसं तोंडानं म्हनून काय व्हतंय? त्यो बी जाता जाता फसला. तुमी सकाळी उंबऱ्यातनं निगताना काय म्हनताय त्ये बगू."

सकाळी ओट्यासमोर कुरुळीचे होणारे व्याही हजर. त्यांनी गाडीत कोरा करकरीत लोखंडी नांगर घालून आणला होता. नांगर आत गेला तर सुपारी फोडायची, नाही तर नांगर आणि पोर दोन्ही घेऊन परत. गाडी तिकडे माळावर गडग्याच्या तोंडाशी उभी होती आणि इकडे ओट्यासमोर अर्धं गाव तमाशाला जमलं होतं.

मी सगळ्यांना नमस्कार केला. पेटी खांद्याला लावली. इजारीचा हुक बऱ्याच दिवसांनी कमरेला बसला होता आणि चष्म्याला स्क्रू होते. तरीही पाय हलेना.

आमच्या घरी लहानपणी मी एकदा शाळेला निघताना 'जातो' म्हणालो, तर आईनं हाताला धरून मागे बसवलं होतं, पाणी पाजलं होतं, आणि 'येतो म्हण' म्हणून पुन्हा निघायला लावलं होतं. तेव्हापासून हा शब्द मी कुठल्याही उंबऱ्यावर उच्चारलेला नाही. आणि समोर ही म्हातारी, जिनं मला आठवडाभर जेवू घातलं, सूर्याला बरं वाटावं म्हणून स्वतःही अळणी खाल्लं. तिच्या तोंडावर असं अभद्र बोलायचं. माझ्या तोंडात 'ये' आला होता. धोंडिबा माझ्या ओठांकडे असा पाहत होता की मी ते मिटून घेतले.

"आजी," मी म्हणालो, "जातो."

बायकांनी पदर तोंडाला लावले. कोणीतरी "आरारा" म्हणालं. व्याहीसुद्धा क्षणभर नांगर विसरले.

ठकूआजी पुढे आली. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलांवर बोटं मोडली. तिचे डोळे भरले होते, माझेही भरले. आणि मग उंबऱ्यावरून निघणाऱ्या प्रत्येकाला जन्मभर जे म्हणत आली, तेच तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

"या."

धोंडिबानं कपाळावर हात मारून घेतला. "आजे, काय म्हनलीस! आता पुन्यांदा वाट बघत बसायचं का?"

ठकूआजीनं पदरानं डोळे पुसले आणि नातवाकडे वळून पाहिलं.

"'या' म्या म्हनले. त्येंनी कुटं 'येतो' म्हनलं? जा, बैलं जुंप."